सरहद्दीवरील उपदेशक : आयझॅक मॅकॉय आणि त्याचे कुटुंब

विल्यम केरी हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. इंग्लंडात जोडे शिवून पोट भरणारे हे बाप्टिस्ट उपदेशक पुढे बंगाल्यात श्रीरामपुरास येऊन राहिले, आणि पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापून प्रसिद्ध केला. आपल्या मुद्रित वाङ्मयाचा इतिहास सांगू जाणारास त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. परंतु केरी हयात असतानाच, श्रीरामपुरापासून हजारो कोस दूर, अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या आग्नेयेस सेंट जोसेफ नदीकाठच्या रानात, लाकडी ओंडक्यांच्या काही झोपड्यांस त्यांचे नाव देण्यात आले होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. १८२२ च्या डिसेंबर महिन्यात, ऐन थंडीत, या झोपड्यांत जो मनुष्य आपली बायकामुले घेऊन राहावयास आला तोही केरींप्रमाणेच कारागीर होता. केरी जोडे शिवीत, हा चाके घडवी. त्याचे नाव आयझॅक मॅकॉय. त्याची व त्याच्या कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या हकीकतीचा महाराष्ट्राशी आणखीही एक धागा जुळतो. १८१२ साली अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे निघालेल्या ‘हार्मनी’ नावाच्या जहाजावर गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस हे तिघे तरुण मिशनरी होते. पहिले दोघे १८१३ साली मुंबईस पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला. राइस मात्र कलकत्त्यास बाप्टिस्ट झाला व आपल्या नव्या पंथबांधवांकडून मदत मिळविण्याकरिता मायदेशी परतला. त्याच्या खटपटीने १८१४ साली अमेरिकेतील बाप्टिस्टांचे पहिले राष्ट्रीय मिशनमंडळ फिलाडेल्फिया येथे स्थापन झाले, आणि ओहायो नदीपलीकडच्या रानात चाके घडवीत बसलेल्या मॅकॉयच्या मनात देशोदेशीच्या धर्मप्रसाराचे वारे शिरले.

त्या काळचा सरहद्दीवरील बाप्टिस्ट उपदेशक म्हणजे काय प्रकार होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. या पंथात धर्माधिकाऱ्यांची उतरंड नाही. बाप्तिस्मा द्यावयाचा तो जाणत्या माणसास, त्याने आपल्या श्रद्धेची कबुली दिल्यावर, पाण्यात बुडवून. आणि प्रत्येक गावची मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. आपणांपैकीच एखाद्याच्या वाणीत व वर्तनात गुण दिसले म्हणजे ती त्यास उपदेश करण्याची मोकळीक देई. पगाराची गोष्ट बहुधा नसेच. आठवड्याचे सहा दिवस नांगर धरावा, लोहारकी किंवा सुतारकी करावी, आणि रविवारी कोणाच्या पडवीत अगर झाडाखाली उभे राहून प्रवचन करावे, असा हा क्रम असे. गोरा कुंभार, सावता माळी यांची परंपरा मानणाऱ्या आपल्या लोकांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. पण या रीतीत एक कठोर बाजूही होती. पगारी धर्मगुरू, मोठ्या शहरांतील मंडळे आणि त्यांचा पैसा यांविषयी या लोकांच्या मनात खोल संशय असे.

मॅकॉयचा जन्म १७८४ साली पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात झाला. तो लहान असतानाच कुटुंब केंटकीत गेले. बाप विल्यम हाही बाप्टिस्ट उपदेशकच होता. तेव्हा धर्मोपदेश हा या घरात मुरलेला होता. १८०३ साली आयझॅकने क्रिस्टियाना पोक हिच्याशी विवाह केला आणि पुढल्याच वर्षी हे जोडपे वॉबॅश नदीवरील व्हिन्सेन्स या गावी, म्हणजे तत्कालीन इंडियाना प्रदेशाच्या राजधानीत, नशीब काढावयास आले. तेथे चाके घडविण्याचा धंदा व उपदेश अशी दोन्ही कामे चालली. १८१० साली जवळच्या मरायाक्रीक येथील मंडळीने त्याला रीतसर दीक्षा दिली.

क्रिस्टियानाच्या माहेरची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील वृत्तान्ताचे मर्म कळावयाचे नाही. १७८२ साली, तिच्या जन्मापूर्वी, केंटकीतील किंचेलो नावाच्या तटबंदीच्या वस्तीवर मूळ रहिवाशांच्या टोळीने हल्ला केला. बाप चार्ल्स पोक बाहेर गेलेला होता. आई डेलायला गरोदर होती. तिला व तिच्या लहानग्यांना पकडून शेकडो मैल चालवीत उत्तरेस नेण्यात आले, आणि इंग्रजांच्या ताब्यातील डेट्रॉइट येथे ती प्रसूत झाली. पुढल्या वर्षी बापाने तेथवर जाऊन आपले कुटुंब सोडवून आणले. या कैद्यांत विल्यम नावाचा सातएक वर्षांचा मुलगा होता. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

ज्या घराने असा प्रसंग भोगला त्या घरातील मुलीने पुढे आपले सारे आयुष्य त्याच लोकांच्या मुलांना न्हाऊमाखू घालण्यात, शिवणटिपण व अक्षरे शिकविण्यात घालविले, ही गोष्ट आम्हांस मॅकॉयच्या कोणत्याही प्रवचनाहून मोठी वाटते. सरहद्दीवर सूडाची भाषा सर्वांच्या तोंडी असताना या कुटुंबाने ती धरली नाही.

१८१७ साली राष्ट्रीय मंडळाने मॅकॉयची मिशनरी म्हणून नेमणूक केली. त्यासरशी घरचेच लोक उलटले. डॅनियल पार्कर नावाचा, तितकाच अल्पशिक्षित व तितकाच तेजस्वी, दुसरा एक सरहद्दीवरील उपदेशक होता. ईश्वराला आपली माणसे निवडावयास मंडळांची व वर्गण्यांची गरज नाही, असा त्याचा सिद्धान्त. त्याने मॅकॉयच्या मिशनाविरुद्ध रान उठविले, आणि वॉबॅशकाठच्या मंडळ्यांत उभी फूट पडली. मॅकॉय डगमगला नाही. १८१८ च्या सुमारास त्याने रॅकूनक्रीक येथे पहिले ठाणे घातले. १८२० साली तो फोर्ट वेन येथे गेला. तेथे त्याने काढलेल्या शाळेत आरंभी दहा इंग्रजी, सहा फ्रेंच, आठ मूळ रहिवाशांची व एक कृष्णवर्णी मूल होते. त्या काळच्या अमेरिकेत ही चार प्रकारची मुले एका बाकावर बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

पुढे १८२१ साली शिकागो येथे पोटावाटोमी, ओटावा वगैरे जमातींशी संयुक्त संस्थानांचा तह झाला. या तहाने मिशिगन सरोवराच्या आग्नेयेकडील विस्तीर्ण मुलूख सरकारने घेतला आणि मोबदल्याच्या कलमांत पोटावाटोमींकरिता एक लोहार व एक शिक्षक यांच्यासाठी पंधरा वर्षे दरसाल एक हजार डॉलर देण्याचे मान्य केले. शिक्षकाची जागा मॅकॉयला मिळाली, आणि त्यातूनच केरी मिशन उभे राहिले. ज्या तहाने त्या लोकांची जमीन गेली त्याच तहाच्या पैशावर त्यांची शाळा चालावयाची होती. मिशनाच्या जन्मापासूनच ही गाठ त्याला बांधलेली होती, आणि मॅकॉयला ती शेवटपर्यंत सोडविता आली नाही.

मिशन वसले तेव्हा जवळात जवळची गोऱ्यांची वस्ती सुमारे शंभर मैलांवर होती. धान्य तेवढ्या वाटेने गाड्यांवर घालून आणावे लागे. पहिल्या हिवाळ्यात उपासाचे दिवस काढावे लागले व शेजारच्या पोटावाटोमींनी आपल्या तुटपुंज्या साठ्यातून मका दिला. काही वर्षांत शेतीवाडी झाली, लोहारशाळा चालू झाली आणि विद्यार्थ्यांची संख्या साठांच्या वर गेली. मुलांना लिहिणे-वाचणे व शेतकाम, मुलींना सूत काढणे, विणणे व शिवणे असा अभ्यासक्रम असे. येथे मॅकॉयची कारागिरी त्याच्या शास्त्रज्ञानाहून अधिक उपयोगी पडली असेल, असे आम्हांस वाटते.

परंतु या कामाची किंमत कुटुंबाने मोजली. मॅकॉय दांपत्याच्या मोठ्या कुटुंबातील बहुतेक मुले बापाच्या हयातीतच वारली. मिशनाच्या कामाकरिता तो महिनेच्या महिने घोड्यावर असे. कधी वॉशिंग्टनला, कधी बोस्टनला. घरी मूल दगावल्याची वार्ता त्याला परक्या गावी पत्राने कळावी, असे एकदाच घडले नाही. रायस व जोसेफस हे दोन मुलगे वैद्यक शिकून तयार झाले, आणि बापाच्या कामास हातभार लागणार तोच ऐन तारुण्यात गेले. अशा वेळी घर, शाळा, आजारी विद्यार्थी आणि दाराशी आलेले उपाशी पाहुणे यांचा भार क्रिस्टियानावर पडे. मिशनाच्या इतिहासाचा जो मोठा ग्रंथ मॅकॉयने १८४० साली प्रसिद्ध केला त्यात ती अधूनमधून डोकावते. पण त्या ग्रंथातील प्रत्येक प्रवास तिच्या घरी राहण्यामुळे शक्य झाला, हे वाचकाने आपल्याशी समजून घ्यावे लागते.

आता या चरित्रातील कूट प्रश्नाकडे वळू. गोऱ्यांची वसाहत जसजशी जवळ येऊ लागली तसतशी व्हिस्कीची पिंपेही येऊ लागली. व्यापारी उधारीवर दारू देत आणि कातडी, जनावरे, सरकारी तनख्याचे पैसे सारे घेऊन जात. शाळेत शिकलेला मुलगा बाहेर पडला की दारूच्या गुत्त्याशी गाठ. ओळखीची माणसे मद्याच्या धुंदीत एकमेकांचे प्राण घेताना मॅकॉयने जवळून पाहिली. १८२३ च्या सुमारास त्याच्या मनाने घेतले की, गोऱ्यांच्या शेजारात हे लोक जगणे शक्य नाही. त्यांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, कायमच्या व कायद्याने बांधलेल्या सरहद्दीच्या आत, स्वतःचा प्रदेश द्यावा; तेथे त्यांची शेते, शाळा व पुढे स्वतःचे राज्य व्हावे. १८२७ साली पुस्तिका लिहून त्याने ही योजना देशापुढे मांडली आणि मुत्सद्द्यांच्या भेटी घेण्याचा सपाटा लावला.

मॅकॉयच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. जॉर्जियातील जमीनदारांस केवळ जमीन हवी होती. मॅकॉयला जमीन नको होती. त्याने जे सांगितले ते डोळ्यांनी पाहून सांगितले, आणि जेथे त्या लोकांस पाठवावयाचे तेथे स्वतः जाऊन राहण्याची त्याची तयारी होती. परंतु आमच्यात एक म्हण आहे, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. व्हिस्की विकणारा गोरा, जमीन बळकावणारा गोरा, तहाचे कलम मोडणारा गोरा. आणि गाव सोडून जावयाचे ते पोटावाटोमींनी! आपल्या जातभाईंस आवर घालता येईल, ही आशाच मॅकॉयने सोडली होती. पश्चिमेकडील नवी सरहद्द तेच जातभाई कशी पाळतील, हा प्रश्न त्याच्या निराशेतूनच उभा राहत होता; पण त्याने तो स्वतःस पुरता विचारलेला दिसत नाही.

त्याच्याच काळी, त्याच्याच धर्माच्या माणसांनी तो विचारला होता. जेरेमाया एव्हर्ट्स हा त्या अमेरिकन बोर्डाचा चिटणीस, ज्या बोर्डाने हॉल व नॉट यांस मुंबईस पाठविले व ज्याच्या अहमदनगरच्या मिशनाचा इतिहास आपणांस परिचित आहे. चेरोकी लोकांच्या हक्कांसाठी एव्हर्ट्सने १८२९ साली विल्यम पेन या टोपणनावाने निबंधमाला लिहिली. केलेले तह पाळणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे, ते पाळणे अवघड जाते म्हणून ते सुटत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्याच बोर्डाचा मिशनरी सॅम्युएल वुस्टर १८३१ साली याच प्रश्नावरून जॉर्जियाच्या तुरुंगात गेला, आणि १८३२ साली वरिष्ठ न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. मॅकॉय मात्र दुसऱ्या पक्षास मिळाला. १८३० च्या मे महिन्यात स्थलांतराचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी संमत झाला. मॅकॉय नसता तर कायदा झाला नसता, असे आम्ही म्हणत नाही. पण हा कायदा दयेपोटीच आहे असे सांगू इच्छिणारांस एक निःस्वार्थी उपदेशक साक्षीदार म्हणून मिळाला, आणि त्या साक्षीचे मोल अशा अटीतटीच्या प्रसंगी थोडे नसते.

कायद्यानंतर मॅकॉयच्या हाती मोजणीची साखळी आली. १८२८ पासूनच तो जमातींच्या प्रतिनिधींस घेऊन आजच्या कॅन्सस राज्यातील माळराने पाहून आला होता. आता सरकारी नेमणुकीने त्याने तेथील जमिनींच्या हद्दी आखल्या. मुलगा जॉन कॅल्व्हिन या कामात त्याचा हस्तक होता. जावई जॉन्स्टन लिकिन्स याने शॉनी लोकांत मिशन काढले. या लिकिन्सची पत्नी डेलायला हिला कैदेत गेलेल्या आजीचेच नाव होते. केरी मिशनात शिक्षक असलेल्या जोथम मीकरने १८३४ साली या मिशनात छापखाना चालू केला. कॅन्ससच्या भूमीवरील तो पहिला. तेथून १८३५ साली शॉनी भाषेत एक वृत्तपत्रही निघू लागले. श्रीरामपूरच्या छापखान्याची आठवण व्हावी असेच हे काम होते, आणि ते चांगले होते यात संशय नाही.

आणि मग १८३८ साल उजाडले. इंडियानातील पोटावाटोमींचा नायक मेनॉमिनी आपली जमीन सोडावयास राजी होईना. आपण तहावर सही केलेलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा जनरल टिप्टनने शिबंदी नेऊन त्याच्या गावास वेढा दिला, नायकांस कैद्यांच्या गाड्यांत कोंडले आणि ४ सप्टेंबर रोजी ८५९ माणसांचा तांडा पश्चिमेकडे हाकलला. सुमारे ६६० मैलांची ही वाट चालावयास दोन महिने लागले. कोरडे पडलेले ओढे, धूळ आणि ताप यांनी चाळिसांहून अधिक माणसे वाटेत मेली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्या लोकांच्या स्मरणात ही वाट मृत्यूची वाट म्हणून राहिली आहे.

इलिनॉयच्या हद्दीत शिबंदी परतली आणि तेथून पुढे या तांड्याचा प्रमुख म्हणून ज्याने त्यांस कॅन्ससपर्यंत नेले तो होता विल्यम पोक. क्रिस्टियानाचा भाऊ, मॅकॉयचा मेहुणा, १७८२ साली आईबरोबर धरून नेलेला तोच मुलगा. मधल्या काळात तो न्यायाधीश झाला होता, १८१६ साली इंडियानाची राज्यघटना ठरविणाऱ्या सभेत बसला होता, आणि मॅकॉयच्या मिशनातही काही काळ राबला होता. तो क्रूर नव्हता. पण लहानपणी ज्याने कैद्याची वाट पायांनी तुडविली त्यानेच म्हातारपणी दुसऱ्यांच्या लेकरांस तशाच वाटेने न्यावे, आणि ती वाट ज्या जमिनीवर संपते तिची योजना त्याच्या सत्शील मेहुण्याने आखलेली असावी, हा दैवयोग मनाला चटका लावतो. सूडाची भावना या कुटुंबात नव्हती हे आम्ही वर सांगितले. सूडावाचूनही हे घडू शकते, हेच येथे शिकावयाचे आहे.

मॅकॉयने १८४२ साली लुइव्हिल येथे मूळ रहिवाशांकरिता स्वतंत्र मिशनमंडळ काढले आणि १८४६ साली तेथेच तो वारला. या लोकांचे मिशन मंदावू देऊ नका, असा त्याने बांधवांस अखेरचा निरोप दिला असे सांगतात. ज्या सरहद्दीवर त्याने सारी भिस्त ठेविली होती ती त्याच्या मृत्यूनंतर आठच वर्षांनी, १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने, गोऱ्या वसाहतवाल्यांस खुली झाली, आणि तेथील जमातींपैकी बहुतेकांस पुन्हा बिऱ्हाड उचलून दक्षिणेस जावे लागले. दरम्यान त्याचा मुलगा जॉन कॅल्व्हिन याने त्या प्रदेशाच्या तोंडाशीच वेस्टपोर्ट हे व्यापाराचे गाव वसविले होते. पश्चिमेकडे जाणारे गोऱ्यांचे तांडे तेथूनच सामान भरून निघत. कॅन्सस सिटी या मोठ्या शहराच्या संस्थापकांत या मुलाची व लिकिन्स जावयाची गणना होते. बापाने जी भूमी गोऱ्यांपासून राखून ठेवण्यासाठी मोजली तिच्या वेशीवर मुलाने गोऱ्यांचे शहर उभारले. आणि त्यात त्याने काही अप्रामाणिकपणा केला असेही कोणी म्हणू शकणार नाही.

केरी मिशन १८३० च्या सुमारास मोडले. परंतु त्या परिसराची एक हकीकत राहिली. तेथे पोकेगन नावाचा पोटावाटोमींचा नायक होता. त्याने आपल्या लोकांनी दारू वर्ज्य करावी असा यत्न केला, १८३० साली डेट्रॉइटला जाऊन कॅथलिक धर्मगुरू मागून घेतला, आणि १८३३ च्या तहात आपल्या लोकांस स्थलांतरातून वगळवून घेतले. त्यांनी पैसे जमवून जमिनी विकत घेतल्या व ते तेथेच राहिले. त्यांचे वंशज आजही त्याच भागात नांदत आहेत, आणि १९९४ साली संयुक्त संस्थानांच्या सरकारने त्यांच्या जमातीस पुनश्च मान्यता दिली. गोऱ्यांच्या शेजारात हे लोक टिकणारच नाहीत, असे मॅकॉयचे गृहीतक होते. ते खोटे ठरविणारी माणसे त्याच्या अंगणाशेजारीच राहत होती. त्यांना काय हवे, काय झेपेल हे त्याने त्यांच्याकरिता ठरविले. पोकेगनने ते स्वतः ठरविले.

मॅकॉयला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. ज्याने आपली इतकी लेकरे मातीत ठेवली आणि तरी काम सोडले नाही, त्याच्या कळकळीविषयी शंका घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि कळकळ ही एक गोष्ट व न्याय ही दुसरी. दुर्बळाचा कैवार घेणारा मनुष्य बलवानाशी भांडावयास कंटाळला, म्हणजे दुर्बळालाच वाट सोडून देण्याचा सल्ला देऊ लागतो, आणि त्या सल्ल्याच्या मागोमाग शिबंदी येते. असे हितचिंतक आमच्या देशातही धरणांच्या, खाणींच्या व जंगलांच्या निमित्ताने पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या वाचनात हे चरित्र आले, तर त्यांनी सेंट जोसेफ नदीकाठच्या त्या झोपड्यांची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.